मुलाच्या ताब्यासाठी वकील शोधताना

गेल्या वर्षी माझी भाची सहा वर्षांच्या मुलासह पुण्याला माहेरी परतली. विभक्त होण्यास पतिपत्नी दोघेही राजी होते. वाद होता तो मुलगा कोणाजवळ राहावा याचा. "मामा, बँकेत तुमचा वकिलांशी नेहमीचा संबंध होता. तुम्हीच एखादा चांगला वकील पाहून द्या," असे ती म्हणाली. मी होकार दिला खरा. परंतु कर्जवसुलीचा वकील आणि मुलाच्या ताब्याचा वकील यांत किती अंतर असते, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिले वकील माझ्याच ओळखीचे. त्यांनी मुलाचे नावही न विचारता सांगितले, "मुलगा तुमचाच, निश्चिंत राहा." शिवाय सासरच्या मंडळींविरुद्ध फौजदारी तक्रार करावी, म्हणजे ती आपोआप नमतील, असा सल्ला दिला. खरे सांगतो, मला हायसे वाटले. जिन्यावर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. मी खोटे कसे लिहू? आणि उद्या पिंटूला काय सांगू?" मी खजील झालो.

नंतर ज्या वकीलबाई भेटल्या, त्यांनी अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. मुलाचा अभ्यास कोण घेते? आजारपणात रात्री कोण जागते? वडिलांशी त्याचे शेवटचे बोलणे कधी झाले? निकालाची हमी त्यांनी दिली नाही. शुल्क टप्प्याटप्प्याने किती, ते मात्र कागदावर लिहून दिले. दाव्याच्या यशावर अवलंबून शुल्क ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले.

कायदाही त्यांनी नीट उलगडला. जैनांना २०१४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदाच आपल्याला लागू आहे. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने याविरुद्ध घेतलेली भूमिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द ठरविली. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा पालकत्व कायदा म्हणतो. आमचा पिंटू त्या वयापुढे गेलेला. पण कोणत्याही वयात अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच. आई-बापांपैकी कोण जिंकले, हा तेथे प्रश्नच नसतो.

येथे मला आमच्या बँकेचे दिवस आठवले. अज्ञान मुलाचा पालक म्हणजे वडील, हे आम्ही गृहीत धरून चालत असू. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना स्वतः पालक म्हणून सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठविला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या हयातीतही आई पालक असू शकते, असा निर्णय दिला. काउंटरच्या आत बसून मी स्वतः किती मातांना परत पाठविले असेल!

आणखी एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. भाचीची नोकरी आहे, म्हणून तिने तो मार्ग घेतला नाही; पण ज्या लेकी केवळ पैशाअभावी गप्प बसतात, त्यांच्या आईवडिलांनी तेथे अवश्य चौकशी करावी.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नसून न्यायालयाच्या अनुमतीने मिळणारे साहाय्य आहे. त्यामुळे समुपदेशकासमोर भाचीला स्वतःच बोलावे लागले. ती बोलली, आणि जावईही बोलले. सध्याच्या तात्पुरत्या व्यवस्थेनुसार पिंटू दर शनिवारी वडिलांकडे जातो व रविवारी सायंकाळी परततो. त्याचे दप्तर मात्र आमच्याकडेच असते. पुढील तारीख दिवाळीनंतरची आहे.