मीटरवरचे किलोमीटर आणि बॅटरीचे वय

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहर आणि त्याच्या आसपास, निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीचे मालक अस्वस्थ झाले होते. गाडी बाजारात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. तिच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा लहान पट्ट्या असत. त्यांतली पहिली पट्टी विझली की सुमारे १५ टक्के क्षमता गेली, असे समजायचे. फिनिक्समध्ये एकामागून एक गाड्यांच्या पट्ट्या विझू लागल्या. यातल्या कित्येक गाड्या फारशा चाललेल्याही नव्हत्या. तक्रारी आल्या त्या प्रामुख्याने उष्ण भागांतून. लीफची बॅटरी थंड ठेवायला द्रव फिरवणारी यंत्रणा नव्हती, पंखाही नव्हता. वाळवंटातल्या उन्हात तापलेली बॅटरी रात्रीही पुरती निवत नसे. पुढे निसानला क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली: पाच वर्षे किंवा ६०,००० मैल यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. मागाहून बॅटरीचे रसायनही उष्णता सोसेल असे बदलले गेले.

ही गोष्ट आज महाराष्ट्रात आठवायला कारण आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही या दोन्ही गाड्या जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे आल्या, ह्युंदाईची कोना त्याआधीच्या वर्षी. त्यांचे पहिले मालक आता नव्या गाड्यांकडे वळत आहेत आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसू लागली आहे. पाहायला आलेला माणूस मात्र पेट्रोल गाडीचाच प्रश्न विचारतो: किती चाललीय? इंजिनाच्या गाडीसाठी हा प्रश्न योग्य आहे, कारण पिस्टन, क्लच आणि गिअर झिजतात ते चालण्याने. इलेक्ट्रिक गाडीसाठी तो अपुरा आहे, आणि कधीकधी साफ चुकीच्या गाडीकडे नेणारा.

साधा हिशेब करू. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ३०.२ युनिटची. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत तिची रेंज ३१२ किलोमीटर भरली होती. रोजच्या वापरात एका चार्जिंगमध्ये २०० किलोमीटरच्या आसपास धरणे शहाणपणाचे. आत जे सेल आहेत, त्या प्रकारच्या सेलना पूर्ण भरण्या-रिकामे होण्याची दोन हजार आवर्तने फारशी जड जात नाहीत. दोन हजार गुणिले दोनशे, म्हणजे चार लाख किलोमीटर. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी घरगुती गाडी तिथे पोहोचायला तेहेतीस वर्षे लागतील. तोवर गाडीचा पत्राही टिकायचा नाही. म्हणजे घरगुती गाडीची बॅटरी थकते ती चालून कमी, आणि दिवस जाऊन अधिक.

दिवस जाऊन काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइट असते, दुसऱ्या बाजूला धातूचे एखादे संयुग, आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात, गाडी चालताना परत जातात. कारखान्यात सेल पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हाच ग्राफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन एक अतिशय पातळ साय धरते. तिची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. ही साय उपकारक आहे. ती आयनांना वाट देते, पण ग्राफाइट आणि द्रव यांचा थेट संपर्क तोडते. ती नसती तर सेल काही दिवसांतच निकामी झाला असता. अडचण एवढीच की साय धरण्याची क्रिया पुरती थांबत नाही. गाडी उभी असतानाही ती हळूहळू जाड होत राहते आणि प्रत्येक नव्या थरात थोडे लिथियम कायमचे अडकते. अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहू शकत नाही. आपण ‘बॅटरी थकली’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा याचा.

साय जितकी जाड, तितकी तिची पुढची वाढ मंद. म्हणून क्षमतेची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ठळक दिसते आणि नंतर बराच काळ संथ चालते. दुसऱ्या मालकाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. सुरुवातीची तीव्र घट पहिल्या मालकाच्या खात्यावर पडलेली असते, किमतीतली मोठी घसरणही त्यानेच सोसलेली असते. तीन-चार वर्षे नीट सांभाळलेली इलेक्ट्रिक गाडी विकत घेणे हा माझ्या मते चांगला व्यवहार आहे, आणि त्याचे पहिले कारण हे रसायन आहे. वाहनांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्या जिओटॅब या कॅनडाच्या कंपनीने २०२४ मध्ये काढलेली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. ती मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या गाड्यांची सरासरी आहे. विदर्भातल्या गाडीला ती जशीच्या तशी लावू नये.

कारण साय वाढण्याचा वेग तापमानावर ठरतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर भर पडते, कारण भरलेले ग्राफाइट द्रवाशी अधिक जोमाने क्रिया करते. चंद्रपूरच्या मे महिन्यात डांबरावर उन्हात पूर्ण चार्ज करून उभी ठेवलेली आणि महिनाभर न हललेली गाडी मीटरवर ‘जेमतेम चाललेली’ दिसेल. दुसरीकडे रोज पुणे-चाकण करणारी, रात्री सावलीत उभी राहणारी, वीस ते ऐंशी टक्क्यांत फिरणारी गाडी मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर दाखवेल. मला निवड करायची झाली तर मी दुसरी घेईन.

सेलचे रसायनही विचारून घ्यावे. कोना आणि सुरुवातीची झेडएस यांत निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे सेल होते. टाटांच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. या दुसऱ्या पदार्थाची ओळख जगाला १९९७ मध्ये एका शोधनिबंधातून झाली. टेक्सास विद्यापीठात काम करणारे अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे त्याचे दोन लेखक आणि त्यांच्यासोबत जॉन गुडइनफ, ज्यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन इतका घट्ट बांधलेला असतो की सेल तापला तरी तो सहज सुटत नाही, आणि ऑक्सिजन सुटला नाही की आगीचा धोका कमी राहतो. आपल्या हवेत हा पदार्थ मला अधिक भरवशाचा वाटतो. वजनाच्या मानाने तो वीज थोडी कमी साठवतो, पण जुनी गाडी घेणाऱ्याला टिकाऊपणा जास्त मोलाचा.

मग बॅटरीची तब्येत तपासायची कशी? डॅशबोर्डवर ‘आणखी १९० किलोमीटर’ असे दिसते त्यावर विसंबू नका. तो आकडा गाडी अलीकडे कशी चालवली यावरून काढलेला असतो. घाट उतरून आलेली गाडी मोठा आकडा दाखवते. सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी दिसते. तिची छापील प्रत मागावी. पण तीही गाडीच्या संगणकाने केलेला अंदाजच असते. खरी तपासणी आहे मोजून भरण्याची आणि तिला विशेष साधने लागत नाहीत.

मालकाला सांगा, गाडी पंधरा टक्क्यांपर्यंत उतरू द्या. मग युनिट मोजणारा मीटर लावून ती शंभरपर्यंत भरा. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्र जाईल, ती जाऊ द्या. समजा मीटरवर २५.५ युनिट पडले. भिंतीपासून बॅटरीपर्यंत जाताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. बारा टक्के धरले तर आत पोहोचले सुमारे २२.४ युनिट. एवढ्या विजेने ८५ टक्के बॅटरी भरली, म्हणजे पूर्ण बॅटरी २६.४ युनिटची. नवी असताना ती ३० युनिट घेत असेल, तर आज ८८ टक्के उरली. हे उत्तर चार-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. शिवाय कंपन्या जाहीर क्षमतेतला थोडा भाग राखून ठेवतात, म्हणून तुलना करायची ती त्याच मॉडेलची नवी गाडी प्रत्यक्षात किती युनिट घेते त्याच्याशी. एवढे धरूनही, विकणाऱ्याच्या तोंडी ‘एकदम टकाटक’पेक्षा हा आकडा कितीतरी विश्वासाचा.

एलएफपी गाडीत एक काळजी घ्यावी लागते. या सेलचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच टप्प्यात जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे संगणकाला नेमकी किती बॅटरी उरली हे व्होल्टेजवरून कळत नाही. तो आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवतो आणि चूक साचत जाते. पूर्ण चार्ज झाल्यावर हिशेब पुन्हा जुळतो. मालक कायम ऐंशीवर थांबत असेल तर मोजणीच्या आधी गाडी एकदा शंभरपर्यंत भरून घ्या.

यानंतर गाडी चालवून पाहा आणि टक्के कसे उतरतात त्यावर लक्ष ठेवा. साधारण ३.२ व्होल्टचे शंभर सेल एकापुढे एक जोडले की ३२० व्होल्ट होतात. अशा माळेत सर्वात दुबळा सेल संपला की संगणक सगळी बॅटरी थांबवतो, बाकीच्या नव्व्याण्णवांत वीज असली तरी. तीस टक्क्यांवरून एकदम अठरावर उडी पडत असेल, तर आत एखादा सेल किंवा सेलचा गट मागे पडला आहे. यावर इलाज असतो. बऱ्याचदा तेवढा भाग बदलून काम होते आणि अख्खी बॅटरी टाकावी लागत नाही. पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

पाण्याचा इतिहास कोकण आणि कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांबाबत आवर्जून विचारा. बॅटरीच्या पेटीला बहुधा आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरात गाड्या त्याहून कितीतरी जास्त वेळ पाण्याखाली होत्या. विम्याच्या दाव्यांची नोंद पाहिल्याशिवाय असा व्यवहार करू नये.

कागदपत्रांत आरसी, फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हे सगळे पेट्रोल गाडीसारखेच. हिरव्या प्लेटवरची अक्षरे पिवळी असतील तर गाडी प्रवासी धंद्यात होती. नवी गोष्ट आहे भाड्याच्या बॅटरीची. एमजी विंडसरपासून गाडी विकत आणि बॅटरी प्रतिकिलोमीटर भाड्याने, अशी योजना सुरू झाली. अशा गाडीची किंमत स्वस्त दिसेल, पण बॅटरीचा करार कोणाच्या नावावर जाणार हे लेखी ठरल्याशिवाय ती तुमची नाही. वॉरंटीचेही तेच. आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते, म्हणजे जानेवारी २०२० च्या गाडीची जानेवारी २०२८ मध्ये संपेल. काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरती असते आणि दुसऱ्याला कमी मुदत मिळते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून देणार, हा आकडा पुस्तिकेत शोधा.

किमती इतक्या का पडतात, असे अनेक जण धास्तीने विचारतात. एक मोठे कारण नव्या गाडीची घसरलेली किंमत हे आहे. बॅटरी जगभर स्वस्त झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाखांपर्यंत कमी केली. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप खाली येते, तिची बॅटरी धडधाकट असली तरी. खरेदीदाराने याचा फायदा घ्यावा. सरकारने मात्र या बाजाराला मदत केलेली नाही. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरचा, म्हणजे विक्रेत्याच्या नफ्यावरचा, कर १२ वरून १८ टक्के झाला. दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराला तो लागत नाही. मध्यमवर्गीय माणूस इलेक्ट्रिक गाडीकडे बहुधा जुन्या गाडीतूनच वळणार असताना हा निर्णय मला पटत नाही.

त्याहून मोठी उणीव प्रमाणित दाखल्याची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम मान्य केला: पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरनंतर किमान ८० टक्के, आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरनंतर किमान ७० टक्के. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. आपल्याकडे जुनी गाडी विकताना बॅटरीचा दाखला देण्याची सक्ती नाही. तो आरटीओच्या हस्तांतरणाच्या कागदांतच असायला हवा, आणि त्याची पद्धत ठरवण्याची क्षमता असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे.

तोवर हे काम तुमचे तुम्हाला करायचे आहे. टोकन देण्याआधी एक रात्र मागा आणि मीटर लावून गाडी भरून पाहा. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.