शून्य वर्षांचा कॅप्टन

अमेरिकेच्या लष्करात पगाराबरोबर जी स्लिप मिळते तिला तिथे 'एलईएस' म्हणतात. तिच्या वरच्या ओळीत छोटे छोटे रकाने असतात: नाव, वेतनश्रेणी, 'पे डेट' आणि सेवेची वर्षे. लष्कराच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर होऊन नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या मुलीची स्लिप पाहिली, तर श्रेणीच्या रकान्यात दिसेल 'ओ-३', म्हणजे कॅप्टन. खांद्यावर दोन चंदेरी पट्ट्या. आणि सेवेच्या वर्षांच्या रकान्यात शून्य.

हिने तर चार वर्षांपूर्वी, मेडिकलचा पहिला वर्ग भरायच्या आधीच, अधिकारी म्हणून शपथ घेतली होती. तेव्हापासून कागदोपत्री ती सेकंड लेफ्टनंट. मग ती चार वर्षे गेली कुठे?

सरकारी नोकरीतला कुणीही मराठी माणूस विचारील, "शिक्षणाची वर्षे सर्व्हिसला धरली की नाही?" प्रश्न बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. कशासाठी धरायची, हे आधी सांगावे लागते. हुद्द्यासाठी एक हिशेब, पगारासाठी दुसरा, पेन्शनसाठी तिसरा, राखीव दलासाठी चौथा, आणि बाँड फेडण्यासाठी पाचवा. तीच चार वर्षे एका वहीत जमा दिसतात, तर दुसरीत त्यांचा मागमूसही नसतो. एकेक वही उघडून पाहू.

आधी वर्दी, मग वर्ग

अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये संपली. त्याआधी डॉक्टरांनाही सक्तीने बोलावता येत असे. ते दार बंद होणार हे दिसत होते, म्हणून १९७२ मध्ये काँग्रेसने कायदा करून लष्करी डॉक्टर घडवण्याच्या दोन वाटा आखल्या.

पहिली वाट शिष्यवृत्तीची, 'हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम', बोलीभाषेत 'एचपीएसपी'. विद्यार्थी देशातल्या मान्यताप्राप्त, नेहमीच्या मेडिकल कॉलेजात शिकतो. फी, पुस्तके, उपकरणे यांचा खर्च लष्कर भरते. वर्षातले साडेदहा महिने विद्यावेतन मिळते, अलीकडच्या दराने महिना अडीच हजार डॉलरांहून अधिक. उरलेले ४५ दिवस तो प्रत्यक्ष लष्करी कामावर असतो आणि तेवढ्या दिवसांचा सेकंड लेफ्टनंटचा पगार घेतो. एरवी तो राखीव दलातला अधिकारी असतो आणि इतरांसारखाच जीन्स घालून लेक्चरला बसतो.

दुसरी वाट लष्कराच्या स्वतःच्या विद्यापीठाची. मेरीलँडमधल्या बेथेस्डाचे हे 'युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी'. तिथल्या मेडिकल कॉलेजाला काँग्रेस सदस्य एफ. एडवर्ड हेबर्ट यांचे नाव आहे, आणि पहिली तुकडी १९८० मध्ये बाहेर पडली. इथला विद्यार्थी चारही वर्षे पूर्ण वेळ लष्करी सेवेत असतो, वर्दीत वर्गाला जातो आणि दरमहा सेकंड लेफ्टनंटचा पगार व भत्ते घेतो.

आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण पुण्यातली पद्धत उलटी आहे. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकणारा मुलगा 'कॅडेट' असतो. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर कमिशन मिळते आणि तिथून तो अधिकारी. आधी वर्ग, मग हुद्दा. अमेरिकेत कमिशन आधी आणि वर्ग नंतर, त्यामुळे 'अधिकारी होतो ती वर्षे' आणि 'नोकरी केली ती वर्षे' यांची सरमिसळ होते. गोंधळाचे मूळ तिथे आहे.

हुद्द्याची वही: इथे जमा

समजा सायली नावाची एक मुलगी न्यू जर्सीत वाढली, अमेरिकेची नागरिक आहे (या शिष्यवृत्तीला ती अट आहे) आणि चार वर्षांच्या एचपीएसपीवर सैन्यदलात आली. पदवी मिळाली त्या दिवशी ती सेकंड लेफ्टनंटची एकदम कॅप्टन झाली. मधला फर्स्ट लेफ्टनंटचा जिना चढावाच लागला नाही. (नौदलात याच श्रेणीला लेफ्टनंट म्हणतात.)

ही उडी आली कुठून? हौसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' पाठ असते: बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नसली, तरी करून दिली असे कायद्याने मानायचे. अमेरिकी लष्करात तशीच मानीव सेवा आहे. डॉक्टर व्हायला चार वर्षे जास्त शिकावे लागते. तेवढ्या काळात बरोबरीचा पायदळातला अधिकारी पुढे निघून जातो. म्हणून त्या शिक्षणाबद्दल चार वर्षे केली असे मानून सुरुवातीचा हुद्दा ठरवतात.

इथे एक बारकावा आहे. ही चार वर्षे वैद्यकीय पदवीबद्दल मिळतात, शिष्यवृत्तीबद्दल नव्हे. स्वतः कर्ज काढून डॉक्टर झालेला आणि नंतर लष्करात आलेला माणूसही निदान कॅप्टनपासून सुरू करतो.

पगाराची वही: इथे शून्य

लष्कराचा मूळ वेतनाचा तक्ता पाढ्यांच्या तक्त्यासारखा असतो. खाली खाली हुद्दे, आडवी सेवेची वर्षे. दोन्ही जिथे भेटतात तो पगार. सायलीचा हुद्दा तिसऱ्या श्रेणीचा असला, तरी वर्षे पहिल्याच रकान्यात आहेत.

२०२५ च्या तक्त्यात दोन वर्षांहून कमी सेवा असलेल्या ओ-३ ला महिना सुमारे ५,३०० डॉलर मूळ वेतन आहे. चार वर्षे पुरी झालेल्या ओ-३ ला सुमारे ७,१००. म्हणजे ती चार वर्षे न धरल्यामुळे पहिल्याच महिन्यात सुमारे १,८०० डॉलरांचा फरक पडतो. घरभाडे भत्ता आणि डॉक्टरांचे विशेष वेतन वेगळे.

पूर्वी असे नव्हते. लष्करी डॉक्टरला शिक्षणाची वर्षे पगारासाठीही मिळत असत. अधिकाऱ्यांच्या सेवेचा कायदा नव्याने लिहिला गेला आणि सप्टेंबर १९८१ पासून ही सवलत नव्या डॉक्टरांसाठी बंद झाली. शिष्यवृत्तीच्या कायद्यातले कलम तर स्पष्टच आहे: या कार्यक्रमात असतानाची सेवा पगाराच्या वर्षांत धरायची नाही. दरवर्षीचे ते ४५ दिवससुद्धा नाहीत.

पेन्शनची वही: दोन वाटा इथे फुटतात

नियमित सेवेतून निवृत्त व्हायला २० वर्षांची प्रत्यक्ष सेवा लागते. एचपीएसपीची वर्षे त्यातही धरत नाहीत. अपवाद एकच: कार्यक्रमातल्या प्रत्यक्ष सेवेच्या काळात अपंगत्व आले, तर त्या कारणाने मिळणाऱ्या निवृत्तीसाठी ती सेवा मोजली जाते.

बेथेस्डाच्या विद्यार्थ्यालाही वीस वर्षे पदवीनंतरच भरावी लागतात. मात्र एकदा ती भरली, की शिकण्याची चार वर्षे पेन्शनची रक्कम काढताना मिळवतात. २०१८ पासून लागू असलेल्या मिश्र योजनेत दर वर्षामागे मूळ वेतनाच्या सरासरीचे २ टक्के धरतात. एचपीएसपीचा डॉक्टर वीस वर्षांनी निवृत्त झाला तर ४० टक्के, बेथेस्डाचा झाला तर ४८. हा फरक फुकट नाही. बेथेस्डाचा बाँड सात वर्षांचा असतो.

जी वर्षे धरत नाहीत, त्यांची तारीख मात्र धरतात

आता स्लिपच्या खालच्या भागात 'डायम्स' नावाचा आणखी एक रकाना आहे. त्यात गणवेशधारी सेवेत पहिल्यांदा पाऊल टाकल्याची तारीख असते. एचपीएसपीवाल्याच्या बाबतीत ती तारीख पदवीनंतर रुजू झाल्याची नसते, शपथ घेतल्याची असते.

तुम्हाला पेन्शनची कोणती योजना लागू होते, हे याच तारखेवर ठरते. २०१७ मध्ये शपथ घेऊन २०२१ मध्ये कामावर आलेला डॉक्टर जुन्या योजनेत बसतो, दर वर्षामागे अडीच टक्के. (नव्या योजनेत जायची मुभा अशांना दिली गेली होती.) २०१८ मध्ये शपथ घेणारा नव्या योजनेत, दोन टक्के आणि सोबत बचत खात्यात सरकारचा हातभार. एकाच कागदावर वरचा रकाना म्हणतो, तुमची ती वर्षे नव्हतीच, आणि खालचा म्हणतो, तुम्ही तेव्हापासूनच आमचे. दोन्ही रकाने बरोबर आहेत.

राखीव दलाची वही: उशिरा, हप्त्याहप्त्याने

बहुतेकांना ठाऊक नसलेली वही हीच. बाँड संपल्यावर सायली पूर्ण वेळची नोकरी सोडून खासगी इस्पितळात गेली आणि राखीव दलात राहिली, तर ती हरवलेली चार वर्षे परत मिळू शकतात. अटी तीन: अभ्यासक्रम पुरा केलेला हवा, बाँडची सेवा पुरी झालेली हवी, आणि आपली शाखा युद्धकाळात निकडीची म्हणून त्या दलाने ठरवलेली हवी. मंजुरीही दलाच्या हातात असते.

राखीव दलात हिशेब गुणांवर चालतो. वर्षात किमान ५० गुण झाले की ते वर्ष निवृत्तीसाठी भरले. अशी २० वर्षे भरली की साधारणतः साठाव्या वर्षापासून पेन्शन सुरू होते. वरच्या अटींत बसणारा डॉक्टर निवडक राखीव दलात एक वर्ष ५० गुणांनिशी पुरे करतो, तेव्हा वर्षाखेरीस शिष्यवृत्तीच्या एका वर्षाचेही ५० गुण त्याच्या नावावर पडतात. एक करा, एक परत मिळवा.

सायलीने पाच वर्षे शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी लष्करी इस्पितळात केली, मग चार वर्षे बाँड फेडला: नऊ झाली. राखीव दलात चार वर्षे, त्यांच्या जोडीला शिष्यवृत्तीची चार: सतरा. आणखी तीन: वीस. प्रत्यक्षात तिने सोळाच वर्षे केली.

पण पात्रता मिळणे वेगळे आणि रक्कम वाढणे वेगळे. रक्कम काढताना ३६० गुणांचे एक वर्ष होते. चार वर्षांचे मिळून २०० गुण, म्हणजे अर्ध्या वर्षाहून थोडे जास्त. दोन टक्क्यांच्या दराने पेन्शन मूळ वेतनाच्या सुमारे १.१ टक्क्याइतकीच वाढते. वीस वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवण्यात या गुणांचे मोल आहे, पैशांत नाही.

बाँडची वही: आरशातल्यासारखी उलट

शिष्यवृत्ती जितकी वर्षे घेतली तितकी वर्षे सेवा द्यायची, हा ढोबळ नियम. पदवीनंतरचा इंटर्नशिपचा काळ आणि रेसिडेन्सी हा बाँड फेडत नाहीत. पगार चालू, वीस वर्षांचे घड्याळही चालू, पण कर्जाचा एकही हप्ता वळता होत नाही. लष्करी रेसिडेन्सीची इंटर्नशिपनंतरची वर्षे स्वतःचा नवा बाँड लावतात. तो जुन्या बाँडच्या बरोबरीने फिटत जातो, एवढाच दिलासा. म्हणून सायलीला सुटायला नऊ वर्षे लागली, चार नव्हे.

लष्करी सेवा पुढे ढकलून रेसिडेन्सी नागरी इस्पितळात करायची परवानगी मिळाली, तर बाँड तसाच उभा राहतो आणि वीस वर्षांचे घड्याळही थांबते.

यात न्याय आहे का?

एक दाखला बोलका आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे घालवलेल्या कॅडेटलाही ती वर्षे अधिकारी म्हणून पगारात वा पेन्शनीत मिळत नाहीत. सरकारने ज्या शिक्षणाचे पैसे भरले, त्याची भरपाई पुन्हा सेवेच्या वर्षांतून करायची नाही, असा या नियमांमागचा रोख दिसतो. हुद्दा मात्र द्यावाच लागतो, नाहीतर तिशीतला सर्जन लेफ्टनंट म्हणून फिरेल आणि कुणी डॉक्टर लष्करात येणार नाही.

न्याय असो नसो, सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न यातून ठरतात. पाच-सहा वर्षांत बाहेर पडायचे असेल, तर पेन्शनची वही जवळजवळ निरर्थक आहे, बाँडची वही महत्त्वाची. वीस वर्षे राहायचे असेल, तर बेथेस्डाच्या आठ टक्क्यांचा विचार करावा. मधेच राखीव दलात जायचे असेल, तर आपली शाखा निकडीच्या यादीत आहे का, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अनिवासी मराठी घरांत आणखी एक विषय निघतो: परदेशी लष्करात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारताचे ओसीआय कार्ड दिले जात नाही. आजीच्या घरी जायचे तर व्हिसा काढावा लागेल, हेही आधीच माहीत असलेले बरे.

आणि रुजू झाल्यावर पहिली स्लिप हाती आली की वरची 'पे डेट' आणि खालची 'डायम्स' या दोन तारखा पडताळून पाहाव्यात. दोन्ही एकच असतील, तर आनंद मानू नये. कुणीतरी चुकीची तारीख टाकली आहे, आणि पेमास्टरच्या लक्षात आल्यावर जास्तीचा पगार परत कापला जातो. चार वर्षांच्या एचपीएसपीवाल्याच्या स्लिपवर त्या दोन तारखांत चार वर्षांचे अंतर असायलाच हवे. हरवलेली वाटणारी चार वर्षे त्या दोन रकान्यांच्या मधे आहेत.