घरातला खटक्याचा चाकू धार लावायला नेताय? आधी हे वाचा

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की कोयते, विळे, खुरपी पाजवायला लोहाराकडे गर्दी होते. त्याच पिशवीत कुणीतरी आजोबांच्या पेटीत सापडलेला खटक्याचा चाकूही टाकतो. बटण दाबलं की पातं बाहेर येतं, म्हणून आपल्याकडे त्याला सरसकट 'रामपुरी' म्हणतात. स्प्रिंग गंजली, धार गेली, जरा तेलपाणी करून द्या, एवढंच काम असतं. पण वाटेत नाकाबंदी लागली तर विळ्याचं कारण लगेच पटतं, चाकूचं पटत नाही.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार फक्त घरकाम किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' धरल्या जात नाहीत. त्यामुळे विळा, खुरपं, घरची सुरी यांना परवाना लागत नाही. मात्र ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, तसंच तलवार, गुप्ती, खंजीर ही शस्त्रांच्या यादीत येतात. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत.

पातं लहान आहे म्हणजे सुटलो, असंही नाही. सण, निवडणूक, मोर्चा अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. तो आदेश ठरावीक मुदतीचा असतो, पण पुन्हा काढता येतो. त्या काळात चाकू, सुरा, काठी बाळगून फिरणंही गुन्हा ठरतं. कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

धार लावणाऱ्याचं काय?

नियमात ठरवून दिलेली शस्त्रं दुरुस्त करायलाही कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. म्हणजे ओळखीपोटी काम घेणारा लोहारसुद्धा अडचणीत येतो. त्याने "हे काम नको दादा" म्हटलं तर राग मानू नका.

मग करायचं काय?

१. चाकू आधी घरीच ठेवा. धार लावायला म्हणून खिशात किंवा गाडीच्या डिक्कीत घेऊन फिरू नका.

२. परवाना असेल तर तो तपासा, मुदत बघा. शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्या.

३. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, तर कलम २१ प्रमाणे ते शस्त्र उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

४. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो चाकू कायदेशीर आहे, असं समजू नका. पोरांच्या मोबाईलवरच्या ऑर्डरवर लक्ष असू द्या.

५. कोयता शेतीचा असला तरी जत्रेत, मिरवणुकीत कंबरेला लावून फिरलात तर 'शेतीसाठी' हे कारण टिकणार नाही. धारेला नेताना पोत्यात गुंडाळून न्या आणि काम झालं की सरळ घरी आणा.

जाता जाता विळ्या-कोयत्याबद्दल एक गोष्ट. मशीनच्या चाकावर धार लावताना पातं मधून मधून पाण्यात बुडवायला सांगा. तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही.

आजोबांची आठवण जपायचीच असते. पण त्यापायी घरातल्या पोरावर गुन्हा दाखल झाला, तर नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तोच कागद आडवा येतो.