संकरित कॅटफिश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात 'संकरित कॅटफिश' असे म्हटले की बहुतेकांना थाई मांगूर आठवतो, आणि बंदी घातलेला, कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर वाढवलेला मासा म्हणजेच संकरित मासा असे समीकरण मांडले जाते. हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. उजनीच्या परिसरातील तळ्यांत चोरून वाढवला गेलेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाने वेळोवेळी नष्ट केलेला हा मासा म्हणजे क्लॅरियस गॅरिपिनस ही मूळची आफ्रिकेतील स्वतंत्र जाती असून, ती 1989 मध्ये थायलंडमधून बांगलादेशात आणली गेली व तेथून भारतात शिरली. केंद्र सरकारने 2000 मध्ये तिच्या संवर्धनावर बंदी घातली ती संकराच्या कारणाने नव्हे, तर नदीनाल्यांत सुटल्यावर ही खादाड परदेशी जाती स्थानिक मासे फस्त करते या कारणाने. थायलंडमध्ये संकर झाला हे खरे आहे, परंतु तो तेथील चविष्ट स्थानिक मांगुराची मादी आणि हा आफ्रिकी नर यांच्यापासून झाला, आणि त्याची पैदास तेथे 1980 च्या दशकाच्या अखेरीस फैलावली.

कॅटफिश म्हणजे अंगावर खवले नसलेले आणि तोंडाभोवती मिशांसारखे स्पर्शक असलेले मासे. त्यांच्यात अनेक कुळे आहेत आणि संकरही एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी ज्याचा आरंभापासूनचा इतिहास सर्वांत स्पष्टपणे मांडता येतो तो अमेरिकेतील संकर होय. मिसिसिपी, अलाबामा आणि आर्कान्सा या राज्यांतील मत्स्यशेती चॅनेल कॅटफिश या माशावर उभी राहिली. त्याची मादी आणि ब्लू कॅटफिश या मोठ्या भाईबंदाचा नर यांच्यापासून होणारी संतती म्हणजे हा संकर. तो अलीकडच्या एखाद्या प्रयोगशाळेने अचानक घडवला असा समज आढळतो. प्रत्यक्षात या संकराची वाढ आईबापांच्या जातींशी ताडून पाहणारा निबंध 1966 मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि पुढे अलाबामातील ऑबर्न विद्यापीठात रेक्स डनहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. तरीही शेतकऱ्यांच्या तळ्यांत तो मोठ्या प्रमाणावर आला तो 2000 नंतर. गुण ठाऊक असूनही जवळजवळ चाळीस वर्षे अडलेल्या या माशाची खरी अडचण आनुवंशिकतेत नव्हती, ती अंड्यांत होती.

दोन्ही जाती एका तळ्यात सोडल्या की संकर आपोआप होतो, ही समजूत येथेच फोल ठरते. दोन्ही मासे मिसिसिपीच्या खोऱ्यात शेजारी राहतात, दोघांच्याही पेशींत 58 गुणसूत्रे असतात, फलन झाल्यास पिल्ले सुदृढ निपजतात; पण चॅनेलची मादी आणि ब्लूचा नर आपखुशीने क्वचितच जोडी जमवतात. म्हणून प्रेरित प्रजननाचा, म्हणजे संप्रेरक टोचून मादीला अंडी सोडण्यास प्रवृत्त करण्याचा मार्ग धरावा लागतो. ही वाट भारतीय मत्स्यशास्त्राला परकी नाही, कारण हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी 1957 मध्ये ओडिशात कार्प जातीच्या माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून हेच साधले होते. कॅटफिशच्या मादीलाही कार्पच्या पीयूषिकेचा अर्क किंवा त्याच कामाचे कृत्रिम संप्रेरक दोन मात्रांत देतात, आणि मग प्रत्येक मादीला मऊ जाळीच्या स्वतंत्र पिशवीत घालून टाकीत टांगतात. जाळीला काही अंडी चिकटलेली दिसली की मादी तयार झाली असे समजतात. तिला भूल देऊन, कोरडी पुसून, पोट हलकेच दाबत अंडी भांड्यात काढली जातात. अंडी अतिशय चिकट असल्याने भांड्याला आधी आतून वनस्पती तुपासारखा स्निग्ध पदार्थ चोळलेला असतो, आणि फलनापूर्वी त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देत नाहीत, कारण पाणी लागताच अंड्याचे शुक्राणूला आत घेणारे सूक्ष्म छिद्र लवकरच बंद होते. नराची बाजू तर याहून खर्चिक आहे. त्याचे शुक्रद्रव पोट दाबून निघत नाही. चारपाच वर्षे पोसलेला नर मारून, त्याची वृषणे कुस्करून ते मिळवावे लागते. फलित अंड्यांचा गोळा होऊ नये म्हणून पाण्यात मुलतानी माती कालवली जाते. निसर्गात नर परांनी वारा घातल्यासारखे पाणी हलवून अंड्यांना प्राणवायू पुरवतो. हॅचरीत ते काम फिरती वल्ही करतात, आणि साधारण 27 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाचसहा दिवसांत जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले, बाहेर येतात. एवढा सगळा खटाटोप बोटुकलीच्या, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटाएवढ्या पिल्लाच्या, परवडणाऱ्या किमतीत बसवण्यातच ती चाळीस वर्षे गेली.

जनुकीय फेरफार केलेला मासा म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांनी कापसाचे उदाहरण आठवावे: 1970 चा एच-4 हा संकरित कापूस होता, 2002 मध्ये भारतात आलेल्या बीटी कापसात मात्र परका जनुक घातलेला होता. या संकरित माशाची जागा एच-4 च्या रांगेत आहे. गोंधळाला थोडे निमित्त आहे हेही मान्य करावे लागेल, कारण ऑबर्नमध्येच कॅटफिशमध्ये परके जनुक घालण्याचे प्रयोगही झाले. परंतु ते काम वेगळे आणि तळ्यातील हा मासा वेगळा.

संकर कोणत्याही दिशेने केला तरी फळ तेच, ही समजूतही टिकत नाही. ब्लूची मादी आणि चॅनेलचा नर अशी उलट जोडी लावल्यास संततीत जलद वाढीचा लाभ दिसत नाही. संतती अनेक लक्षणांत बापाच्या जातीकडे अधिक झुकते, असे 1980 च्या दशकाच्या आरंभी नोंदवले गेले. अमेरिकी कॅटफिशच्या पंचवीसहून अधिक जोड्या तपासल्या गेल्या, त्यांतून शेतीला उपयोगी ठरली ती चॅनेलची मादी आणि ब्लूचा नर ही एकच. संकरित मासा वांझ असतो असेही सर्रास सांगितले जाते. हा मासा वांझ नाही, मात्र त्याच्या पुढच्या पिढीत पहिल्या पिढीचा जोम उतरत नाही, त्यामुळे बीज दरवेळी मूळच्या दोन जातींपासूनच तयार करावे लागते.

उरतो तो संकर सर्वत्र सरस असतो हा समज. मातीच्या दाट तळ्यांत तो चॅनेलपेक्षा झपाट्याने वाढतो, कमी प्राणवायू सोसतो, जाळ्यात सहज सापडतो, डोके लहान असल्याने त्याचे मांस अधिक निघते आणि एडवर्डसिएला इक्टालुरी या जिवाणूच्या रोगाला तो सहसा लवकर बळी पडत नाही. म्हणूनच 2010 नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅटफिशच्या उत्पादनात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. पिंजऱ्यात किंवा काचेच्या टाकीत मात्र ही आघाडी राहत नाही, आणि तळ्यातही काढणी लांबली तर मासा इतका थोराड होतो की ठरावीक आकारासाठी बनवलेल्या प्रक्रिया कारखान्यातील यंत्रांत तो बसत नाही व शेतकऱ्याला भाव कमी मिळतो.