शंभराव्या हिश्श्याचा शोध

कोयनेचे धरण पायापासून १०३ मीटर उंच आहे. त्यामागचा शिवाजीसागर भाद्रपदात काठोकाठ भरला, तरी त्याच्या तळाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या फार तर आठ-दहापट होतो; आणि त्याच तळाखाली सहा-सात किलोमीटर खोल, जेथे तिकडच्या पुष्कळशा भूकंपांचा उगम असतो, तेथे नुसत्या वरच्या खडकाच्या ओझ्याने निर्माण झालेला दाब दीड हजारपटींच्याही पुढे गेलेला असतो. हे त्रैराशिक नव्या विद्यार्थ्यापुढे मांडले, की तो प्रथम हिशेब पुन्हा करून पाहतो आणि मग, एवढ्याशा भाराने कातळ हलावा हे कसे, असे विचारतो. प्रश्न रास्त आहे. जलाशयाने भूकंप घडवला हे बोलणे अर्धवट आहे; खडक युगानुयुगांच्या ताणाने सरकण्याच्या बेताला आधीच येऊन ठेपला होता, आणि उरलेली शंभराव्या हिश्श्याची तूट पाण्याने भरून काढली. माझी नोकरीची सारी वर्षे या शंभराव्या हिश्श्याच्या पाठीमागे गेली आहेत.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला ६.३ परिमाणाचा कोयनेचा भूकंप हा जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांत आजवरचा सर्वांत मोठा मानला जातो. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, ही समजूत निःशंकपणे शिकवली जात असे. धरणाच्या पोटात बसवलेल्या त्वरणलेखकाने त्या पहाटेचा जो आलेख राखला, त्यात आडव्या दिशेचे त्वरण गुरुत्वाच्या ६३ टक्क्यांपर्यंत चढलेले दिसते. आराखड्यात गृहीत धरलेला आकडा होता अवघा ५ टक्के. धरण उभे राहिले, परंतु वरच्या भागात, जेथे त्याच्या पाठीचा उतार बदलतो, तेथे तडे गेले, आणि तो आलेख तेव्हापासून जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय होऊन बसला. पुढे १९८५ मध्ये दक्षिणेकडे वारणेचा जलाशय भरू लागल्यावर काही वर्षांनी हादऱ्यांचा अंमलही दक्षिणेकडे पसरला. सुमारे २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब अशा चिमुकल्या टापूत साठ वर्षांहून अधिक काळ भूकंप होत राहावेत, आणि आसपास दुसरे कोणतेही भूकंपक्षेत्र नसावे, ही तेथील रहिवाशांना आपत्ती आणि आम्हां अभ्यासकांना, बोलायला संकोच वाटतो, पण पर्वणीच होय.

आमच्या कामाचा मोठा भाग कारकुनी आहे, आणि मला तो तसा आहे म्हणूनच प्रिय आहे. भूकंपालेखावर प्रथम प्राथमिक तरंगांची बारीक थरथर उमटते, नंतर दुय्यम तरंगांची ठसठशीत; या दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले, म्हणजे उगमाचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरांत हाती येते, आणि तीन-चार वेधशाळांच्या नोंदींची रुजुवात घातली, की जागा सापडते. हे काम आता संगणक निमिषार्धात करतो. तरीही एखाद्या लहानशा हादऱ्याचे मूळ ठरवताना माणसाची नजर लागतेच, कारण खाणीतला सुरुंगही कागदावर भूकंपासारखाच दिसतो. भेद असतो तो पहिल्या हेलकाव्यात: सुरुंग आपल्या भोवतालची जमीन चहूकडे बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक वेधशाळेत लेखणी प्रथम वर जाते, भूकंपात मात्र खडकाचे दोन तट एकमेकांना घासून विरुद्ध दिशांना सरकत असल्यामुळे काही वेधशाळांकडे जमीन ढकलली जाते आणि काहींकडून ओढली जाते, आणि लेखणी कुठे वर तर कुठे खाली जाते. या वर-खालीच्या नुसत्या यादीवरून भूगर्भातल्या भ्रंशाचे प्रतल कसे कलले आहे आणि त्याचे तट कोणत्या दिशेने सरकले, हे सांगता येते. न पाहिलेल्या घटनेची इतकी तपशीलवार जबानी दुसऱ्या कोणत्या शास्त्राला मिळत असेल, असे मला वाटत नाही.

परंतु तट सरकले कसे हे कळल्याने ते तोवर थांबले का होते हे कळत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. त्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागते. तेथे ग्रॅनाइटचे दोन तुकडे सपाट घासून, प्रचंड भाराखाली एकमेकांवर दाबून, एकाला संथपणे पुढे रेटतात. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण जसा कितीही ओढला तरी हलत नाही आणि हलला की एकदम हातात येतो, तसाच तो दगड अडतो, ताण साठवतो आणि झटक्याने सुटतो. भूकंप हा अशाच अडण्यासुटण्याचा प्रकार असावा, हे ब्रेस आणि बायर्ली या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. पुढे डीटरिख यांनी दाखवले की दगड जितका वेळ स्वस्थ राहतो तितकी त्याची पकड वाढते, पण ती फार कंजूषपणे: काळ दसपट झाला की पकड पूर्वीइतक्याच लहानशा पायरीने चढते. कारण सपाट भासणारे ते पृष्ठभाग वस्तुतः मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकलेले असतात आणि ही टेकणी हळूहळू रुंदावतात. रेटण्याचा वेग एकाएकी वाढवला, तर आलेखाची रेषा आधी वर उडते, म्हणजे घर्षण वाढते; मग केसाच्या जाडीहूनही कमी अंतर सरकेपर्यंत ती खाली उतरून नव्या पातळीवर स्थिरावते. ही नवी पातळी जुनीच्या खाली असेल तर तो खडक भूकंपाला पात्र, वर असेल तर निमूटपणे सरकणारा. त्या रेषेकडे पाहत मी किती संध्याकाळी घालवल्या याची मोजदाद नाही.

पाण्याचा यात हात कसा, हे आता सांगता येते. तळ्याचे वजन गौण आहे. खडकाच्या भेगांतून पाझरत खोल गेलेले पाणी भ्रंशाच्या दोन्ही तटांना आतून दूर लोटते, त्यांच्यावरचा भार तेवढा हलका होतो आणि पकड ढिली पडते. कोलोरॅडोतील रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ पासून अमेरिकन शास्त्रज्ञांनी भूगर्भातील पाण्याचा दाब हेतुतः चढवून-उतरवून भूकंप वाढवले आणि थांबवलेही. कोयनेला अशी मुखत्यारी कोणाकडे नाही. तेथे दाब पाऊस ठरवतो. परंतु पातळी किती भरभर चढली, किती काळ वर राहिली आणि पूर्वीच्या कमाल पातळीला तिने ओलांडले की नाही, यांचा हादऱ्यांशी असलेला संबंध भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरणाच्या दप्तरातील नोंदींवरून पुढे आणला.

कोयनेच्या भूगर्भातला खडक हाताळता यावा, म्हणून तेथे विंधनविवरे घेतली गेली, आणि गोठणे येथील विवर तर तीन किलोमीटर खाली पोहोचले. विवरांतून निघालेले दगडी गाभे पेट्यांत ओळीने मांडलेले पाहणे हे माझ्या लेखी एखादे पुराण आरंभापासून वाचण्यासारखे आहे, फक्त ते उलट्या क्रमाने वाचावे लागते. प्रथम लाव्ह्याचे थरांवर थर: कठीण काळवत्री, तिच्यावर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे स्फटिकांनी भरलेला मांजऱ्या, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, की पुन्हा काळवत्री. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला शिलारस येथे थंड झाला. रासाटीच्या विवरात ९३२ मीटरांवर हा काळा पाषाण संपतो आणि त्याला लागूनच, मध्ये वाळूचा किंवा गाळाचा एकही थर नसताना, अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट सुरू होतो. मधल्या काळाचे पानच येथे नाही. भूकंप या जुन्या खडकात होतात, आणि त्याच्या काही तुकड्यांवर भ्रंशाने घासून आणलेली चकाकी आणि समांतर ओरखडे दिसतात. त्यावरून बोट फिरवले, की तट कोणीकडे सरकले हे नखाला कळते.

दख्खनचा शिलारस केव्हाच विझला. जिवंत शिलारस आणि घर्षण यांचा संयोग पाहायचा तर हवाईतल्या किलाउएआच्या २०१८ च्या नोंदी पाहाव्यात. शिखराखालील शिलारस सुमारे ४० किलोमीटर दूरच्या भेगांतून वाहून जाऊ लागला, आधार सुटलेले ज्वालामुखीचे मुख खचू लागले, पण सलग नव्हे: मे ते ऑगस्ट या अवधीत ते ६२ वेळा अडले आणि ६२ वेळा धसले, आणि बहुतेक प्रत्येक धसण्याला पाच परिमाणाच्या भूकंपाएवढी शक्ती होती. पुढे पुढे ते इतके नियमाने होई की दिवसाचा अंदाज बांधता यावा. कोयनेला असा नियम नाही.

म्हणूनच पाटणच्या बाजूला गेलो असता, पारावर बसलेले एखादे आबा जेव्हा विचारतात, “साहेब, पुन्हा तसला मोठा कधी व्हायचा?” तेव्हा मी कुठे आणि किती खोल हे सांगतो आणि कधी हे टाळतो, आणि ६७ साली माणसे मारली ती भूकंपाने नव्हे, मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी, एवढे जोडून देतो. “मग भिंत कशी घालावी?” हा त्यांचा पुढला सवाल असतो, तो माझ्या सवालापेक्षा अधिक शहाणपणाचा असतो, आणि त्यासाठी मला त्यांना अभियंत्याकडे पाठवावे लागते.