प्रोसेसरच्या आतली तटबंदी

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांकडून हरलेल्या निजामाने तिथल्याच किल्ल्याचा आसरा घेतला. कोणाला कुठवर शिरू द्यायचे, हा किल्लेदाराचा प्रश्न संगणकाच्या प्रोसेसरलाही सोडवावा लागतो.

इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये असा तट नव्हता. कोणताही प्रोग्राम मेमरीत कुठेही लिहू शके. एकाच्या चुकीने सारा संगणक बंद पडू शके. १९८२ च्या ८०२८६ ने 'प्रोटेक्टेड मोड' आणला. मेमरीच्या प्रत्येक भागाची, म्हणजे सेगमेंटची, सुरुवात, मर्यादा आणि अधिकारपातळी एका तक्त्यात नोंदली जाऊ लागली. पातळ्या चार: ० वर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ३ वर आपले प्रोग्राम. मर्यादा ओलांडली की प्रोसेसर ती कृती रोखतो आणि ताबा गाभ्याकडे देतो. फाइल वाचायची असली, तरी प्रोग्रामला ठरावीक वाटेनेच गाभ्याकडे विनंती करावी लागते.

आज अशा प्रोसेसरांवर लिनक्स आणि विंडोज मुख्यतः ० आणि ३ याच पातळ्या वापरतात. ६४-बिट रचनेत सेगमेंटचे बहुतेक काम पेजिंगकडे, म्हणजे मेमरी ठरावीक आकाराच्या पानांत विभागण्याच्या पद्धतीकडे, गेले आहे. अधिकारांची विभागणी मात्र टिकली. मोबाइलचे प्रोसेसर वेगळ्या घडणीचे असले, तरी तत्त्व हेच. म्हणूनच एखादे ॲप कोसळले तरी फोन सहसा चालू राहतो.