दिवे लागेपर्यंत उठायचं नाही

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली आणि मी सवयीने पिशवी उचलून उठलो. आपल्याकडे एव्हाना निम्मं थिएटर रिकामं होऊन पार्किंगमध्ये हॉर्न सुरू झालेले असतात. टोकियोतल्या त्या थिएटरात उभा होतो तो मी एकटाच. कुणी काही बोललं नाही, वळून पाहिलंही नाही. तरी मी मुकाट्याने खाली बसलो आणि एकही अक्षर वाचता येत नसताना ती शेकडो नावं शेवटपर्यंत पाहिली. दिवे लागल्यावरच माणसं उठली. प्रत्येकाच्या हातात आपापला पेला आणि पॉपकॉर्नचा ट्रे. दाराशी कचऱ्याचे डबे आणि बाजूला वाकून आभार मानणारे कर्मचारी. आसनांखाली एक दाणा सापडला असता, तर तो बहुधा माझाच.

जपानीत 'मेइवाकु' असा एक शब्द आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास, असा त्याचा अर्थ. नावं सरकत असताना उठलं की मागच्याचा पडदा झाकला जातो, म्हणजे मेइवाकु. मोबाइलचा उजेड हाही मेइवाकुच. विनोदी प्रसंगालासुद्धा हसू येतं ते दबकं. शांत प्रसंग आला की शेजारच्यांचं पॉपकॉर्न चावणंही थांबतं, असं मला दोनदा वाटलं. शपथेवर सांगणार नाही.

खेळाआधी डोक्याच्या जागी कॅमेरा असलेला एक सुटाबुटातला माणूस पडद्यावर विचित्र नाचतो आणि पकडला जातो. हा 'एइगा दोरोबो', म्हणजे सिनेमाचोर. थिएटरात चोरून चित्रण करण्याविरुद्धचा कायदा २००७ मध्ये लागू झाला, त्याची ही जाहिरात. लोकांना हा चोर इतका आवडला, की त्याच्या बाहुल्या निघाल्या.

तिकीट स्वस्त नाही. मोठ्या साखळी-थिएटरांत ते २००० येनपर्यंत पोचलं आहे. म्हणून जाणकार माणसं महिन्याच्या १ तारखेची वाट पाहतात. त्या दिवशी अनेक ठिकाणी सवलत असते. बाहेर पडल्यावर खरेदी होते ती 'पानफुरेत्तो'ची. चित्रपटागणिक वेगळी निघणारी ही देखणी पुस्तिका. मुलाखती, लेख, छायाचित्रं, सगळं त्यात. किंमत हजार येनच्या आसपास. जुन्या पानफुरेत्तोंचा टोकियोच्या जिंबोचो या पुस्तकबाजारात चांगला व्यापार चालतो. आपल्याकडेही पूर्वी थिएटराबाहेर चार-आठ आण्यांना गाण्यांची चोपडी मिळायची. आपण ती रद्दीत घातली, त्यांनी जपली.

हे सगळं पाहून 'जपानी माणूस मुळातच शांत' असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. मूकपटांच्या काळात तिथलं थिएटर आवाजाने भरलेलं असे. पडद्याच्या बाजूला उभा राहून 'बेन्शी' सगळ्या पात्रांचे संवाद एकटा म्हणायचा आणि कथाही रंगवून सांगायचा. लोक चित्रपटापेक्षा बेन्शीचं नाव पाहून तिकीट काढत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊ बेन्शीच होते. बोलपट आले, बेन्शींच्या पोटावर पाय आला. १९३३ मध्ये त्या भावाने आत्महत्या केली. काबुकी नाटकात तर आजही ऐन क्षणी प्रेक्षागृहातून नटाच्या घराण्याचं नाव ठणकावून पुकारतात, आणि ते नेमकं कधी पुकारायचं यालाही तालीम लागते.

गर्दीही एकेकाळी वेगळीच होती: १९५८ साली जपानमध्ये ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली, माणशी वर्षाला बारा! मग घरोघर टीव्ही आला. २०१९ चा आकडा साडेएकोणीस कोटींच्या आत आहे.

गर्दी ओसरली, आवाज मात्र पुन्हा आला, तोही रीतसर. 'ओएन जोएई' म्हणजे प्रोत्साहनाचा खेळ. त्यात ओरडायचं, नायकाला हाका मारायच्या, रंगीत दिवे हलवायचे. तिकिटावरच तसं लिहिलेलं असतं. २०१८ मध्ये 'बाहुबली २'च्या अशा आरडाओरडीच्या खेळाला प्रेक्षक वेशभूषा करून, खंजिऱ्या घेऊन आले होते, आणि दिग्दर्शक राजामौली स्वतः हजर होते. त्याआधी १९९८ मध्ये रजनीकांतच्या 'मुथू'ने टोकियोत गर्दी खेचली होती. बंगळुरूच्या मराठी घरातला हा शिवाजीराव गायकवाड तिथे 'नाचणारा महाराजा' म्हणून गाजला. 'मुथू'चा कमाईचा विक्रम मोडला तो थेट २०२२ मध्ये, 'आरआरआर'ने.

तो 'आरआरआर' मी तिथे पाहिला, पण साध्या खेळाला. तीन तासांचा सिनेमा. मध्यांतराची पाटी झळकली, माझे पाय वडापावच्या दिशेने निघाले, आणि पुढच्याच क्षणी सिनेमा सुरू. ती पाटी नुसती दाखवायची असते. 'नाटू नाटू' या गाण्याला सगळं थिएटर निश्चल. फक्त पुढच्या रांगेतल्या आजींचा एक बूट ठेका धरत होता, तोही आवाज होणार नाही इतपत.

टोकियोला जाणं झालं तर १ तारीख साधा, पानफुरेत्तोसाठी हजार येन वेगळे ठेवा आणि तिकीट काढताना खेळ कुठला आहे ते विचारून घ्या: गप्प बसायचा की ओरडायचा.